हातोड्याआधीचे दोन आकडे

प्राचीन नाण्यांचा एखादा मोठा लिलाव आटोपला की संग्राहकांत एक ठरलेले भांडण सुरू होते. कॅटलॉगमध्ये शंभर असा अंदाज छापलेला रोमन सम्राट ट्रेजनचा डिनेरियस (चांदीचे नाणे) चारशेला गेलेला असतो. एक जण म्हणतो, अंदाज मुद्दाम पाडून छापला होता, हा सरळसरळ गळ आहे. दुसरा म्हणतो, अंदाजाकडे पाहतो कोण? भाव बोली लावणारे ठरवतात. मग पहिला जुन्या लिलावांचे दाखले काढतो, दुसरा मागणी-पुरवठ्याचा धडा देतो आणि दोन दिवसांनी दोघेही पुढच्या लिलावाच्या कॅटलॉगमध्ये डोके खुपसून बसतात. मला यात सर्वांत खटकते ते हे, की 'अंदाज' आणि 'सुरुवातीची बोली' हे दोन्ही शब्द जणू एकाच वस्तूची दोन नावे असावीत, तसे वापरले जातात. माझे म्हणणे असे आहे की ते दोन वेगळे आकडे आहेत, त्यांची कामे वेगळी आहेत, आणि लिलावगृहांनी ते एका दोरीने बांधून ठेवल्यामुळेच दोन्ही बिघडले आहेत. अंदाज ही जाणकाराची साक्ष आहे, ती खरी हवी. सुरुवातीची बोली हे दार आहे. ते किती उघडे ठेवायचे हे घरमालकाने ठरवावे. फक्त आत कुत्रा बांधलेला असेल तर तशी पाटी लावावी. पॉम्पेईतल्या रोमन घरमालकालाही एवढी रीत ठाऊक होती. 'कुत्र्यापासून सावध' हे त्याने उंबऱ्यावरच काळ्या-पांढऱ्या खड्यांत लिहून ठेवले होते.

दोरी कशी आहे ते आधी पाहू. युरोपातल्या अनेक लिलावगृहांत बोली अंदाजाच्या ८० टक्क्यांवर उघडते. अमेरिकेत ६० टक्क्यांवर उघडण्याचीही पद्धत आहे. वरवर पाहता ही निव्वळ सोय वाटते, पण तिचा परिणाम उलट्या दिशेने होतो. कागदावर अंदाजावरून बोली निघते. व्यवहारात बोलीवरून अंदाज काढला जातो. ज्या मालकाने 'चारशेच्या खाली नाणे सुटता कामा नये' असे बजावले, त्याच्या नाण्याखाली आपोआप पाचशे छापले जातात, मग कॅटलॉग लिहिणाऱ्याला ते तीनशेचे का वाटेना. दुसऱ्या नाण्यावर गर्दी जमवायची म्हणून बोली ऐंशीवर उघडायची असेल, तर तीनशेच्याच नाण्याखाली शंभर लिहिले जातात. म्हणजे एकाच पानावर शेजारी शेजारी छापलेल्या तीन अंदाजांपैकी एक अभ्यासकाचे मत असते, दुसरे आमिष आणि तिसरा मालकाचा हट्ट. तिन्हींची छपाई सारखी, अक्षरांचा आकार सारखा. वाचणाऱ्याने कोणते कशाखाली धरायचे?

यावर लिलावगृहांचे पहिले उत्तर असते की प्राचीन नाण्याची किंमत सांगणे मुळातच अवघड आहे. हे मला पूर्ण मान्य आहे. ही नाणी हाताने पाडलेली. तापवलेली चकती खालच्या ठशावर ठेवायची, वरचा ठसा धरायचा आणि घण मारायचा. त्यामुळे एकाच जोडीच्या ठशांतून निघालेल्या दोन नाण्यांपैकी एकावर सम्राटाचे नाव पूर्ण येते, दुसऱ्यावर त्याचे नाकच चकतीबाहेर जाते. ठसा नवा होता की झिजलेला, कोरणारा हात तयार होता की शिकाऊ, चांदी कुठे ठिसूळ झाली आहे, तांब्याच्या नाण्यावरचा हिरवा थर मूळचा आहे की कुणी अलीकडे त्यावर कोरणी चालवून केस नि दाढी 'सुधारली' आहे, यांतल्या एकेका गोष्टीने भाव दुप्पट किंवा निम्मा होतो. शिवाय जमीन कधी काय ओकेल याचा नेम नाही. १९८४ मध्ये तुर्कस्तानात एल्मालीजवळ सुमारे १९०० चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. अथेन्सची दहा द्राखमांची नाणी तोवर जगात डझनभरच माहीत होती. या एका साठ्याने ती संख्या जवळपास दुप्पट केली. आदल्या वर्षी त्या नाण्याचा अंदाज लिहिलेल्या माणसाला दोष कोण देईल?

पण चुकणे वेगळे आणि एकाच बाजूला चुकणे वेगळे. प्रामाणिक नेमबाजाचे बाण लक्ष्याच्या दोन्ही बाजूंना पडतात. सगळे बाण डावीकडेच पडत असतील, तर त्याचा हात थरथरतो ही सबब ऐकून घ्यायची का? तो तिथेच नेम धरतो आहे. एखाद्या लिलावात बहुतेक लॉट, म्हणजे क्रमांकवार पुकारलेल्या वस्तू, अंदाजाच्या दुपटीवर जात असतील, पुढच्यातही तसेच आणि त्यापुढच्यातही, तर नाणी अवघड असतात हे कारण तिथे लागू पडत नाही. अवघड वस्तूचा अंदाज कधी खाली चुकतो तसा कधी वरही चुकायला हवा.

या वादात हमखास पुढे येणारी उदाहरणे बड्या नाण्यांची असतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत निरुपयोगी आहेत. क्रिमियातल्या पॅन्टिकापेयम या ग्रीक नगराचा स्टेटर नावाचे सोन्याचे नाणे घ्या. एका बाजूला दाढीवाला सॅटर (ग्रीक पुराणातला वनपुरुष), दुसऱ्या बाजूला ग्रिफिन हा पंखवाला काल्पनिक प्राणी, इसवी सनपूर्व चौथे शतक. २०१२ मध्ये न्यूयॉर्कला अशा एका नाण्याचा अंदाज साडेसहा लाख डॉलर होता, हातोडा पडला साडेबत्तीस लाखांवर. हा आकडा सगळ्या नाणेजगताला पाठ झाला. तरीही २०२३ मध्ये झुरिकला त्याच प्रकारचे दुसरे नाणे आले तेव्हा अंदाज छापला गेला साडेबारा लाख फ्रँकचा. बोली थांबली ४४ लाखांवर. अकरा वर्षांपूर्वीचा भाव समोर असताना साडेबारा लाखांना साक्ष म्हणता येईल का? नाही. पण त्याने नुकसान कुणाचे झाले? कुणाचेच नाही. त्या दालनात बोली लावायला बसलेल्यांना कॅटलॉगने किंमत शिकवण्याची गरज नव्हती. तिथे अंदाज हा रंगमंचाचा पडदा असतो. तो वर गेल्यावर बातमी येते, 'अंदाजाच्या साडेतीन पट भाव!' आणि ती पट म्हणजे लिलावगृहाने आधी किती विनय दाखवला होता याचेच माप असते. (बातम्यांत आणखी एक गंमत असते. अंदाज कमिशन न धरता छापलेला आणि विक्रीचा आकडा कमिशन धरून. खरेदीदाराकडून कमिशन घेण्याची प्रथा लंडनच्या दोन बड्या लिलावगृहांनी १९७५ मध्ये दहा टक्क्यांपासून सुरू केली. आज नाण्यांच्या लिलावात वीस टक्के किंवा त्याहून जास्त द्यावे लागतात. म्हणजे अंदाजाइतकाच भाव आला तरी खिशातून जाणारी रक्कम अंदाजाच्या पाचव्या हिश्शाने फुगलेली.)

शिखरावरच्या लिलावांत खोटेपणाची खरी जागा तर आणखी निराळी असते. सीझरच्या खुनाची आठवण म्हणून ब्रूटसने पाडलेले 'मार्चची पंधरावी' हे नाणे सोन्यात फारच दुर्मीळ. २०२० मध्ये लंडनला त्यातले एक पाच लाख पौंड अंदाजावर आले आणि २७ लाखांवर गेले. पुढे उघडकीस आले की नाणे कुणाकडून कसे आले याचा कॅटलॉगमधला इतिहास बनावट होता, आणि २०२३ मध्ये ते ग्रीसला परत करावे लागले. तिथे पाच लाखांचा अंदाज कमी होता की जास्त, हा प्रश्न आज कुणी विचारतो का? कॅटलॉगमधला कुठलाही शब्द ही साक्ष असते, आणि एक साक्ष खोटी ठरली की बाकीच्या शब्दांचेही वजन उतरते, एवढाच त्या प्रकरणाचा आपल्या विषयाशी संबंध.

नुकसान होते ते खालच्या मजल्यावर. नुकता छंद लागलेला माणूस, महिन्याची ठरावीक शिल्लक, समोर हजार लॉटचा कॅटलॉग. तो अंदाज वाचून पाच नाणी निवडतो, त्यांची पुस्तके चाळतो, फोटो मोठे करून पाहतो आणि अंदाजाच्या थोडे वर अशी लेखी बोली पाठवून देतो. मीही पहिल्या वर्षी हेच केले. सहा लॉट निवडले होते. सहाही माझ्या बोलीच्या दुपटीपुढे निघून गेले. पैसे गेले नाहीत हे खरे, पण तीन आठवड्यांच्या संध्याकाळी गेल्या, आणि त्या लिलावात मला परवडणारी जी नाणी होती ती मी पाहिलीच नाहीत. कारण त्यांच्याखाली खरा अंदाज छापलेला होता आणि तो खोट्या अंदाजांच्या शेजारी महाग दिसत होता! पाडलेल्या अंदाजाची झळ अशी शेजारच्या प्रामाणिक अंदाजालाही लागते.

'पण आता जुने भाव सगळ्यांना पाहता येतात, अंदाज हवाच कशाला?' हा आक्षेप वजनदार आहे. एसीसर्च किंवा कॉइनआर्काइव्ज यांसारखे संकेतस्थळ उघडले की एखाद्या प्रकारच्या नाण्याच्या शेकडो जुन्या विक्री फोटोंसकट समोर येतात. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी हे ज्ञान ज्याच्या कपाटात छापील कॅटलॉग होते त्याच्याकडेच होते, आणि ही क्रांती मी कमी लेखत नाही. तरी त्या आकड्यांना नाणे हातात घेता येत नाही. कडेला तासल्याची खूण आहे का, पृष्ठभाग ब्रशने गुळगुळीत केला आहे का, वाजवल्यावर चांदी कशी बोलते, हे ज्याच्या टेबलावर नाणे आहे त्यालाच कळते. जुना भाव नाण्याच्या प्रकाराचा असतो; अंदाज या नाण्याचा असतो. आणि जर अंदाजाला खरेच काही अर्थ उरला नसेल, तर तो छापू नका. सरळ सुरुवातीची बोली छापा आणि गप्प बसा. काही लिलावगृहे तसे करतातही, आणि त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. अर्थ नाही म्हणायचे आणि आकडा मात्र ठळक अक्षरांत छापायचा, हे दोन्ही कसे चालेल?

आता विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा. कमी आकड्यावरून सुरुवात केली तर शेवटी भाव जास्त येतो, मग मालकाच्या हितासाठी आकडा खाली का ठेवू नये? आपल्याकडे याला आवळा देऊन कोहळा काढणे म्हणतात, आणि तो बऱ्याचदा निघतोही. कू, गॅलिन्स्की आणि मर्निघन यांनी २००६ मध्ये इंटरनेटवरच्या लिलावांचा अभ्यास करून दाखवले की कमी बोलीवर उघडलेल्या वस्तूंवर माणसे जमतात, ती जमलेली पाहून आणखी येतात, आणि एकदा बोली लावलेल्याला मागे हटवत नाही. लॅटिनमध्ये लिलावाला 'ऑक्टिओ' म्हणत, त्याचा अर्थच वाढ. वाढायला जागा ठेवावीच लागते. अर्थशास्त्राचीही याला साथ आहे. विक्रेत्याने किमान किंमत विचारपूर्वक बांधली तर त्याला फायदा होतो, हे रॉजर मायर्सन यांनी १९८१ मध्ये गणिताने दाखवले होते. पण १९९६ मध्ये ब्युलो आणि क्लेम्परर यांनी त्यापुढे जाऊन मांडले की काही साध्या गृहीतकांखाली, हुशारीने बांधलेल्या किमान किमतीपेक्षा बोली लावणारा आणखी एक खरा माणूस मिळवणे विक्रेत्याला अधिक लाभते.

याचे सर्वांत विचित्र उदाहरण नाण्यांच्याच दुनियेतले आहे. इसवी सन १९३ च्या मार्चमध्ये सम्राट पर्टिनॅक्सला मारून प्रिटोरियन सैनिकांनी, म्हणजे सम्राटाच्याच अंगरक्षकांनी, रोमचे साम्राज्यच लिलावात काढले. बोली लावणारे दोघे: छावणीच्या आत पर्टिनॅक्सचा सासरा सल्पिसिएनस, तटाबाहेर डिडियस ज्युलिएनस. कसला अंदाज नाही, किमान किंमत नाही, कॅटलॉग तर नाहीच. सल्पिसिएनस चढत चढत दर सैनिकामागे वीस हजार सेस्टर्सवर (हे रोमन चलन) आला, तेव्हा ज्युलिएनसने बोटांनी खुणा करत एकदम पंचवीस हजारांची आरोळी ठोकली आणि तो सम्राट झाला. भाव चढला तो दुसरा माणूस होता म्हणून. (जिंकलेल्याची पस्तावण्याची वेळही फार दूर नव्हती; ६६ दिवसांत त्याचा खून झाला. कारकीर्द इतकी आखूड, म्हणून त्याची नाणी दुर्मीळ, आणि सम्राटांची पूर्ण माळ जुळवू पाहणारे आज त्याच्या डिनेरियससाठी एकमेकांवर चढाओढ करतात.)

हे सगळे मान्य करूनही मुद्दा तसाच राहतो, कारण यातला प्रत्येक पुरावा सुरुवातीच्या बोलीबद्दल आहे. अंदाज खोटा छापा, असे यातून कुठेच निघत नाही. बोली एकावर उघडा की! अंदाज तीनशे, बोली वीसपासून, असे छापायला शाई जास्त लागत नाही. कमी बोली गर्दी जमवेल आणि खरा अंदाज त्या गर्दीला कुठवर जायचे याचे भान देईल. मात्र यातही एक सावधगिरी हवी. त्याच २००६ च्या अभ्यासात असेही दिसले की ज्या वस्तूंपर्यंत माणसे सहज पोचू शकत नाहीत, उदाहरणार्थ नावाचे स्पेलिंग चुकल्यामुळे शोधात न सापडणाऱ्या, त्यांच्यावर कमी सुरुवात उलटते आणि शेवटचा भावही कमीच राहतो. आपल्या क्षेत्रात अशा वस्तू भरपूर आहेत. आशिया मायनरमधल्या एखाद्या लहान नगराचे तांब्याचे नाणे घ्या, ज्याच्यासाठी जगात चारच माणसे जागी असतात आणि त्यांतले दोघे त्या दिवशी प्रवासात असतात. त्याच्या मालकाने बोली वर उघडायची मागणी केली तर तो हट्ट म्हणता येणार नाही. पण मग तिथेही ती बोली आहे असेच छापा, अंदाज म्हणून नव्हे.

खरा अंदाज गिऱ्हाइकाला घाबरवतो का? माझ्या मते बहुतेक वेळा उलटेच होते. प्राचीन नाण्याच्या लिलावात माणूस हात आखडता घेतो तो किमतीपेक्षा शंकेमुळे. अस्सल आहे ना, कोरलेले तर नाही, इतरांना काही कळले आहे आणि मलाच कळलेले नाही असे तर नाही? तेलाच्या भूखंडांच्या लिलावांवरून १९७१ मध्ये तीन अभियंत्यांनी दाखवले होते की सर्वांत फुगलेला अंदाज करणाराच बहुधा जिंकतो आणि मग नुकसानीत जातो. हे ओळखणारा शहाणा माणूस शंकेच्या प्रमाणात आपली बोली कापून ठेवतो. मिलग्रोम आणि वेबर या अर्थशास्त्रज्ञांचे १९८२ चे काम नेमके इथे उपयोगी पडते: विक्रेत्याने आपल्याजवळची माहिती प्रामाणिकपणे उघड करण्याचे धोरण ठेवले तर सरासरीने त्याचे उत्पन्न वाढते, कारण बोली लावणाऱ्याची कात्री लहान होते. जाणकाराचा खरा अंदाज ही अशीच माहिती आहे. ती मुद्दाम बिघडवून लिलावगृह मालकाचे भले करते, हे मला पटत नाही. दुसरीकडे कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांचा १९७४ मधला प्रयोगही आठवावा. लोकांसमोर आकड्यांचे चाक फिरवले आणि मग संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के, असे विचारले. चाक १० वर थांबले त्यांची मधली उत्तरे २५ च्या आसपास, ६५ वर थांबले त्यांची ४५ च्या. चाक निरर्थक आहे हे ठाऊक असूनही! मग ज्या आकड्यामागे नावाजलेल्या लिलावगृहाचे वजन आहे, तो 'नुसता औपचारिक' आहे म्हणून हात झटकता येतील?

राहता राहिली लपवलेली राखीव किंमत, म्हणजे ज्याखाली नाणे सोडायचे नाही असा मालकाचा गुप्त आकडा; हाच आतला कुत्रा. झाकली मूठ सव्वा लाखाची या न्यायाने काही मालक आणि काही लिलावगृहे तिचे समर्थन करतात. त्यांची एक बाजू खरी आहे: आजोबांनी जमवलेला संग्रह एखाद्या सुस्त दुपारी कवडीमोलाने जाऊ नये, असे वाटणे गैर नाही. पण लपवलेली किंमत पाळायची तर कुणाला तरी खोटी बोली लावावी लागते. छताच्या झुंबराकडे पाहून बोली घेतल्याचे नाटक करण्याची चाल कलालिलावांत इतकी जुनी आहे की तिला झुंबराचेच नाव पडले आहे. याचा आद्य गुरू रोमन सम्राट कॅलिग्युला मानावा. रोमन चरित्रकार सुएटोनियस सांगतो की सम्राटाने भरवलेल्या लिलावात अपोनियस सॅटर्निनस नावाचा एक बडा माणूस बाकावर डुलक्या घेत होता. कॅलिग्युला पुकारणाऱ्याला म्हणाला, ते गृहस्थ सारखी मान हलवताहेत, लक्ष असू दे. जाग आली तेव्हा त्या गृहस्थांच्या नावावर तेरा ग्लॅडिएटर आणि नव्वद लाख सेस्टर्सचे देणे चढले होते. आणि मूठ झाकून शेवटी मालकाच्या हाती काय लागते? बेग्ज आणि ग्रॅडी यांनी २००८ मध्ये चित्रांबद्दल दाखवले की राखीव किमतीला न पोचल्यामुळे पडून राहिलेले चित्र पुढे विकले गेले तरी त्याचा परतावा इतरांपेक्षा कमी राहतो. नाण्याचे निराळे काही होणार नाही. दोन कॅटलॉगमध्ये तोच फोटो पाहिलेला संग्राहक तिसऱ्यांदा विचारतोच, याच्यात खोट काय आहे? मालकाला किमान किंमत हवी असेल तर तीच सुरुवातीची बोली करावी, चारचौघांत छापावी. कुणी हात वर केला नाही तर नाणे घरी न्यावे.

लिलावगृहे म्हणतील की असे केले तर मालक दुसऱ्या लिलावगृहाकडे जातील, जिथे त्यांच्या मनातला आकडा अंदाज म्हणून छापून मिळतो. ही भीती खरी आहे आणि तिच्यावर माझ्याकडे पूर्ण उपाय नाही. पण एक गोष्ट कोणतेही लिलावगृह कुणाचीही परवानगी न घेता करू शकते. पाऊस सांगणाऱ्याचे शब्द पर्जन्यमापकाशी ताडून पाहता येतात. तसे प्रत्येक लिलावानंतर, ग्रीक, रोमन, बायझंटाइन अशा विभागवार, आपले अंदाज आणि हातोड्याचे भाव यांत किती अंतर पडले, किती लॉट वर गेले, किती खाली आणि किती पडून राहिले, हे पुढच्या कॅटलॉगच्या पहिल्या पानावर छापावे. लागणारे सगळे आकडे त्यांच्याच दप्तरात आहेत, आणि बेरीज-वजाबाकीला एक दुपार पुरेल.